खोटी घंटी

प्रिय दीडशहाण्या,

हे पत्र समोरची मास्तरीण लिहून घेतेय. टोचणारा एकही शब्द गाळलास तर चहा बंद, असं तिला बजावलंय.

तुझ्या आजोबांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा नंबर दोनदा आला आणि दोनदा गेला. मी इथून फोन लावला तर इस्पितळातली बाई म्हणते, फोन भरपूर वाजला, कुणी उचलला नाही. मी दोन्ही दिवस फोनपाशीच शेंगा सोलत बसले होते. मोबाइलला इथे रेंज नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या फोनांचंही तेच झालं. आजी रुसलीय, फोन उचलत नाही, असं आईला सांगितलंस म्हणे. तुझ्यावर रुसायला मला सवड कुठली?

शेवटी लाइनमनला बोलावलं. तो म्हणाला, लाइन ठणठणीत आहे, बाहेरचे फोनच इथवर पोचत नाहीत. वाटेतली कुठलीशी स्वस्तातली कंपनी फोन करणाऱ्याच्या कानात खोटी घंटी वाजवते आणि फोन तिथेच सोडून देते. आमच्यासारख्या आडबाजूच्या गावाला जोडून देणं तिला परवडत नाही.

तेव्हा मला तुझी मागची सुट्टी आठवली. ताट बाजूला सारून तू लॅपटॉप उघडलास आणि फोन कुठल्या कंपनीमार्फत पाठवायचा याचा तुझा तक्ता आजोबांना दाखवलास. एकेका ओळीत नंबरचे सुरुवातीचे आकडे, पुढे कंपनी, पुढे दर. सर्व्हर आपोआप सगळ्यात स्वस्त ओळ निवडतो. त्या इस्पितळाचे फोनही माझ्याच सर्व्हरवरून जातात, हे सांगताना छाती काय फुगली होती तुझी. स्वस्तवाला पोचवतो की नाही हे कोण बघतं, असं मी विचारलं, तर हसलास. म्हणे, आजी, ते तुला नाही कळायचं. अरे, मी निरक्षर बाई काकडीसुद्धा टोक चाखून घेते. तू सोळा वर्षं शिकून नुसता दर बघितलास.

पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला शेवटचा फोन येईल. तो चुकला तर यादीतून नाव जाईल. त्याआधी आमच्या आकड्यांच्या ओळीत पोचवणारी कंपनी घाल, आणि स्वतः इथे फोन करून बघ. हे सगळं मी फोनवरच सुनावलं असतं, पण फोन आता आजोबांनी आपल्या खाटेशी हलवून घेतलाय, आणि अख्खं इस्पितळ आपला नातू चालवतो असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. म्हणून मला घंटी ऐकू आली नाही, असं मी त्यांना सांगितलंय, इस्पितळातल्या बाईलाही. दोन आठवडे ते मला बहिरी म्हणून खेकसताहेत, आणि मी ऐकून घेतेय.

तुझीच, कान शाबूत असलेली,
आजी