तीन मरिंबा काचेत जाणार नाहीत

वाचणाऱ्यांनो, माझ्या औषधाची वेळ तुमच्या कधी लक्षात राहिली नाही, तेव्हा हे दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

मी, खाली अंगठा उठवणारी, अक्षरशत्रू पण पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली न येता (दबाव आणणारे दमून गेले) हे मृत्युपत्र शेजारच्या शिंप्याकडून लिहून घेत आहे.

कलम एक. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. गच्चीवरून खुशाल भांडा. ऐकायला मी नसेन.

कलम दोन. यजमानांची सुतारकामाची हत्यारं जावयाला. रंधा उलटा धरतो, पण धरतो तरी.

कलम तीन. यजमानांनी घरी बनवलेले तीन मरिंबा, म्हणजे काठीने वाजवायची लाकडी पट्ट्यांची वाद्यं. पहिलीच्या वर्गाला गाण्याच्या साथीसाठी ती शाळेला वापरायला दिली आहेत, दान नव्हे. शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे आमचेच चिरंजीव. त्यांनी काचेचं कपाट करून घेतलंय. मी गेले की वाद्यं आत, कुलूप बाहेर, वर वडिलांच्या नावाची पाटी.

"आई, बाबांची आठवण जपायला नको?"

"तुझ्या बापाने वाद्य केलं होतं रे, मासा नाही, काचेत ठेवायला!"

चिरंजीवांची अक्कल वार्षिक कार्यक्रमात दिसलीच. त्याच शाळेत माझी नात, मुलीची मुलगी, गाणं शिकवते. गाण्याला न लागणाऱ्या पट्ट्या ती काढून ठेवते. मग पोराने कुठेही मारलं तरी बेसूर होत नाही. काठ्यांच्या टोकांना लोकर गुंडाळते. मग पोरांचा आवाज वर राहतो, लाकूड खाली. चिरंजीवांना वाद्य बोडकं दिसलं. पाहुणे काय म्हणतील! कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी सगळ्या पट्ट्या परत बसवल्या आणि लोकर मळकी म्हणून कापून टाकली. पडदा उघडला आणि जो खडखडाट झाला! गाणं पाखराचं होतं की मालगाडीचं, देव जाणे. पुढची एक चिमुरडी कान झाकून रडायला लागली. चिरंजीव टाळ्या पिटत म्हणाले, "भरगच्च झालं!" आणि मागाहून नातीला, "तुझ्या मुलांची तालीम कमी पडली." ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

नात म्हणते, "आजी, मरिंबा कपाटात गेले तर मी राजीनामा देईन." तशी वेळ येणार नाही. तिन्ही मरिंबा, सुट्या पट्ट्यांसकट, तिच्या मालकीचे. ती शाळा सोडेल तर तेही सोडतील. मुख्याध्यापकांनी हात लावू नये, पुसायलासुद्धा. रिकामं कपाट त्यांना लखलाभ. स्वतःचा फोटो ठेवावा.

("आजी, हेही लिहू?" शिंपी विचारतो. लिही बाबा, ठळक लिही.)

कलम चार. शोकसभा नको. भाषण आलंच तर मुलाने न्हाणीघरात करावं. त्या दिवशी पहिलीचा गाण्याचा तास व्हावा, लोकरीच्या काठ्यांनी. चिरंजीवांनी मागच्या बाकावर गप्प बसून गाण्याचे शब्द ऐकावेत आणि नातीला म्हणून दाखवावेत. चुकले तर पुन्हा बसावं.

अंगठा: माझा, डावा.
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई, वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन.
ठिकाण: माझी खाट. तारीख: शाळा उघडण्याच्या आदल्या दिवसाची.

ता. क. त्या तासाला वर्गाला पिकलेली केळी पाठवावीत, मुख्याध्यापकांच्या खर्चाने. बिस्किटं नकोत, भुगा घशात बसतो, आणि पोरांना दुसरं गाणं म्हणायचं असतं.