बायोडेटातला आकडा खोडा

श्टुटगार्ट, ८ फेब्रुवारी

ती. आण्णांना सृष्टीचा नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. खोली लहान असली तरी उबदार आहे, हीटर रोज दोन तास लावते. लग्नाचा विषय निघाला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून लिहिते आहे.

रणधीरनं माझ्या लग्नाच्या बायोडेटात इथला पगार रुपयांत करून छापला. खोड म्हटलं तर म्हणतो, "तायडे, आकडा बघूनच तर उमरग्याचे पाहुणे फोन करायलेत." मी म्हटलं, "मग पाटावर त्या आकड्यालाच बसव."

आण्णा, पगार रुपयांत केलात, तसा खर्चही करा. निम्मा पगार भाड्यात जातो. परवा नळ गळत होता. माणूस बोलावला असता तर दिवसाची कमाई गेली असती, म्हणून पाना आणून मीच दुरुस्त केला. इंजिनिअर झाल्याचा उपयोग झाला, असं आईला सांगा.

मार्चअखेर इथला करार संपतो. कंपनी वाढवून देत होती, मी नको म्हटलं. पुण्यात नोकरी घेतली आहे. पगार इथल्या पगाराचा तिसरा हिस्सा आहे, पण त्यात मी नीट राहीन आणि शिल्लकही टाकीन. गावात "पोरीला परत पाठवलं" म्हणतील. म्हणू देत.

तुमचा गुडघा कसा आहे? दवाखान्यासाठी उमरग्याला जालच, तेव्हा पाहुण्यांकडे चहाला थांबा आणि पुण्याचा पगार त्यांना तोंडावर सांगा. त्यानंतरही त्यांनी अजून अर्धा कप घ्या म्हटलं, तर एप्रिलमध्ये मी त्यांना भेटेन.

तुमची,
सृष्टी