टोकदार कुपी आणि माझं लग्न

आदरणीय मौहूब मामा,

हमा शहराहून तुमच्या भाच्याचा, बद्रानचा, मनापासून सलाम. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? आई तुमची रोज आठवण काढते (मटण शिजलं की जास्तच). इथे सगळं खुशाल आहे, फक्त माझं लग्न मोडायला आलं आहे.

अत्तरवाल्या सालिमचाचांची लुबाबा मला पसंत आहे, आणि ती जाळीआडून हसली त्यावरून मीही तिला असावा. मागणी घालायला जाताना आईनं आपल्या भट्टीतली उत्तम कुपी सोबत घेतली. मातीची, डाळिंबाएवढी, जाडजूड, तोंडात करंगळी जेमतेम जाईल अशी. चाचांनी ती गालिच्यावर ठेवली. बूड टोकदार, ती कसली उभी राहते! लवंडली आणि घरंगळत त्यांच्याच पायाशी गेली. "ही असते तरी कशासाठी रे?" त्यांनी विचारलं. मामा, ते मलाच ठाऊक नाही! जन्मभर ह्याच घडवतोय, पण गिऱ्हाईक नेतं आणि आपण पुढची भाजायला घेतो. आई घाईनं म्हणाली, गुलाबपाण्यासाठी. (अत्तरवाल्याला हे सांगायचं! त्यांच्या दुकानात अशी एकही नाही.) चाचांनी खरा उपयोग सांगायला गुरुवारपर्यंत मुदत दिली. लुबाबाला दिवे घडवणाऱ्याच्या मुलाचं स्थळही आलंय, आणि दिवा कशासाठी असतो ते निदान सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मी गिऱ्हाइकांचे उंबरठे झिजवले. वैद्य म्हणाले, पारा ठेवायला. किल्ल्यावरचा शिपाई म्हणाला, आत जळतं तेल भरून शत्रूवर फेकायला. जवाचं फसफसतं पेय विकणारा म्हणाला, माझ्यासाठीच तर बनते. शेजारची म्हातारी त्यात पाणी भरून निखाऱ्यांत ठेवते आणि वाफेच्या फुंकरीनं चूल फुलवते. प्रत्येक जण शपथेवर सांगतो, आणि बाकीच्यांना वेड्यात काढतो. शेवटी म्हटलं, आपणच करून बघावं. गडबडीत पाण्याऐवजी जवाच्या पेयाची बूच मारलेली कुपी निखाऱ्यांत गेली. आई सुखरूप आहे, चूल नाही. तो शिपाई तेवढा खूश झाला, म्हणाला, "सांगत नव्हतो?"

तुमचा लाडका,
बद्रान

ता. क. ही कुपी घडवायला तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा तिचा उपयोग काय ते हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच लिहून पाठवा. तो दारात थांबेल.

ता. क. दुसरा. वरचं सोडा. आत्ताच लुबाबाच्या आईनं भर ओट्यावर नवऱ्याला सुनावलं, "तुमचा उपयोग काय ते मला आजतागायत कळलेलं नाही, तरी केलाच ना संसार?" चाचांनी तिथल्या तिथे होकार दिला. लग्न ठरलं! मामींना घेऊन या. मात्र उपयोग खरंच ठाऊक असेल तर कुणाजवळ बोलू नका. एकच उपयोग ठरला तर बाकीची गिऱ्हाइकं तुटतील, आणि मला आता दोघांचं पोट भरायचंय.