कैसर रस्त्यावरच्या खिडकीची वाटणी

मी, इर्मगार्ड डालहाउस, राहणार फोविंकेल, कैसर रस्ता, दुसरा मजला, वुपरटाल, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कानही शाबूत आहेत. कानांचं कुणी विचारलं नव्हतं, पण तेही लिहायलाच हवं. का, ते पुढे कळेल. कुणी मला धाक घातलेला नाही, घालून बघावा. नात वीब्के म्हणाली, "आजी, मी टाइप करून देते, तुझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे." पण कायद्याला कोंबडीचंच अक्षर हवंय. टाइप केलेलं चालत नाही.

कलम १. घर. हे घर माझ्या आईने माझ्या एकटीच्या नावावर केलं. ते माझ्या पश्चात विकावं आणि माझा नवरा एवाल्ड याला ह्युकेसवागनला त्याच्या बहिणीकडे, आडेलहाइडकडे, न्यावं. तिच्या घराची तळमजल्यावरची खोली रिकामी आहे. तिथे जिना नाही. एवाल्डने कोंबड्या पाळाव्यात.

एवाल्ड तिकडेच, डोंगरातल्या शेतावर वाढला. लग्न करून इथे आला, तो थेट झुलत्या गाडीच्या पोटाखाली. ही शहरातली रेल्वे, पण आमच्या रस्त्यावर लोखंडी कमानींवरच्या रुळाला खालून टांगलेली जाते, बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या उंचीवर. मला तिच्याशिवाय करमत नाही. बार्मेनला फितींच्या कारखान्यात होते तेव्हा रोज या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत जायचे. सुट्टीच्या दिवशी काही काम नसताना परत जायचे. वळणावर ती बाजूला झुलते तेव्हा पोटात अजून गुदगुल्या होतात, या वयात. पडदे मी कधी लावले नाहीत. गाडीतल्या लोकांना दिसलं तर दिसू दे, माझं स्वयंपाकघर स्वच्छ असतं. एवाल्ड लाजाळू माणूस. परक्यांच्या डोळ्यांदेखत त्याने आयुष्यभर उकडलेलं अंडं खाल्लं. शेवटी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसायला लागला. मी म्हटलं, "पाठ पण दिसते तुझी." असं बोलायला नको होतं.

आता त्याचे गुडघे संपले. गेल्या पानगळीपासून डॉक्टरकडे जाण्यापुरताच तो खाली उतरला आहे, तोही दोघांनी धरून.

कलम २. बाकडं. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या तेव्हा मी त्यातलं एक बाकडं विकत घेतलं. ते वीब्केला द्यावं. त्यावर कपडे वाळत घालू नयेत. हे बाकडं एवाल्डने जिन्यावरून वर चढवलं, याच गुडघ्यांनी. दर मजल्यावर थांबून म्हणायचा, "इर्मगार्ड, गाडी परत न्यायला येणार नाहीत ना?" मी हसले होते.

कलम ३. वॅफल भाजायचा लोखंडी साचा. हा खालच्या मजल्यावरच्या क्लाप्रोटबाईंना द्यावा. गाडीच्या आवाजाविरुद्ध त्या सह्या गोळा करतात आणि माझ्याच दारात येऊन माझी सही मागतात. गेल्या वर्षी जिन्यात म्हणाल्या, "डालहाउसबाई, गाडीचं सोडा. मला तुमच्या नवऱ्याची दया येते." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. त्यांचं खरं होतं म्हणून. साचा घ्या आणि गप्प बसा.

कलम ४. रोझविटा, माझी मुलगी. हिला शिल्लक पैसे आणि माझं शिवणाचं यंत्र. शिवाय एक गोष्ट कागदावर हवी, कारण ती हिनेच मला दाखवली.

आमच्या घरात बोलायची एक रीत आहे. गाडी आली की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, गेली की तिथूनच उचलायचं. रोझविटा शाळेतही तशीच मध्येच थांबायची, बाईंना वाटलं पोर अडखळते. तर एवाल्ड अधूनमधून, गाडी खिडकीशी आली की म्हणतो, "आडेलहाइडकडे जाऊया का राहायला?" गाडी गेली की मी विचारते, "काय म्हणालास? गाडी होती."

"काही नाही. कॉफी घेशील?"

मला वाटायचं, मी हुशार. नवीन गाड्या आल्या, त्या कमी आवाज करतात, तरी मी "गाडी होती" म्हणत राहिले. तो ऐकून घेत राहिला. मग या रविवारी वॅफल खाताना रोझविटा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आई, बाबा ते गाडी आल्यावरच का विचारतात, कळत नाही तुला?"

"का?"

"तुला नाही म्हणायला लागू नये म्हणून."

साचा गरम होता. तो घेऊन एवाल्डच्या डोक्यात घालावा असं वाटलं. त्याच्या, की माझ्या, ते ठरेना.

म्हणून कानांचं लिहिलं. मला ऐकू येतं. प्रत्येक वेळी आलं.

इथपर्यंत लिहिलं आणि एवाल्डने खुर्चीतून विचारलं, "एवढं काय लिहितेस?"

"मृत्युपत्र."

"मला काय ठेवलंस?"

"आडेलहाइडची खोली. आणि कोंबड्या."

त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं. गाडी नव्हती.

"म्हणजे तू मेलीस की मला कोंबड्या."

"तसंच."

"आणि मीच आधी गेलो तर?"

याचं कलम माझ्याकडे नव्हतं. तो माझ्याहून मोठा आहे. मी त्याला अशी वस्तू ठेवली होती, जी मिळायला त्याने माझ्या मरणाची वाट बघावी. आणि तो कुणाच्या मरणाची वाट बघणारा नाही, एवढं मला माहीत होतं. मग मी नक्की काय देत होते?

"शिवाय," तो म्हणाला, "तिथे एकटा जाऊन करू काय? कोंबड्या उलट उत्तर देत नाहीत."

सबब वरचं कलम १ मी आडवी रेघ मारून रद्द करते आणि रेघेशेजारी सही करते, नाहीतर कुणी म्हणेल म्हातारीचा हात घसरला.

कलम १, नवीन. घर माझ्या हयातीतच विकायचं. रोझविटाने उद्याच माणूस बघावा. आम्ही दोघं ह्युकेसवागनला जाणार. मला कोंबड्या आवडत नाहीत, हे नोंदवून ठेवते. दर मंगळवारी मी बसने वुपरटालला येईन, गाडीत बसेन, टोकापर्यंत जाईन आणि परत येईन. त्याबद्दल आडेलहाइडने तोंड वाकडं करू नये. घर घेणाऱ्याने पडदे लावले तरी माझी हरकत नाही. आहे, पण हक्क नाही.

कलम ५. मला पुरायला फोविंकेलला आणावं. लोकांनी झुलत्या गाडीने यावं. एवाल्डला सक्ती नाही.

हे मी शुद्धीवर लिहिलं. आत्ताच गाडी आली होती. एवाल्डने सवयीने तेच, आडेलहाइडकडे जायचं, विचारलं. ती पुढे जायच्या आत मी ओरडून "हो" म्हटलं. त्याच्या हातातली कॉफी सांडली. डाग कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आहे, तो खाडाखोड समजू नये.

साक्षीदार कायद्याला लागत नाहीत. मला हवेत.

वुपरटाल-फोविंकेल, १४ मार्च २०२३
इर्मगार्ड डालहाउस

साक्षीदार पहिली: हेडविग क्लाप्रोट, पहिला मजला. ("हो" खालपर्यंत ऐकू आलं. साचा आत्ताच दिला तर बरं.)

साक्षीदार दुसरा: एवाल्ड डालहाउस. सगळं वाचलं. वाचताना दोन गाड्या गेल्या, मी थांबलो नाही.