लिन आजींनी वैताग आणलाय

अव्वा, चेंगडूहून तुझ्या महेश्वरीचा नमस्कार.

मी ठणठणीत हाय. पण शेजारच्या लिन आजींनी लई वैताग आणलाय. बायकांच्या रोजच्या जगण्यातून चीनचा इतिहास लिहायचा म्हणून मी हितं आले. मी विचारते, "एकच मूल असा सरकारी नियम होता, तेव्हा कसं निभावलं?" त्या म्हणतात, "आधी जेव." तू दिलेली शेंगाचटणीसुद्धा त्यांनीच संपवली!

आज मी चिडून उठलेच. तर पीठ मळता मळता म्हणाल्या, "मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सातव्या महिन्यात पाडायला लावलं. मुलगी होती. तुझ्याएवढी असती." आणि माझ्या ताटात आणखी वाढलं.

मी सगळं खाल्लं. आता हे माझ्या संशोधनाच्या सरांना कसं लिहून देऊ, सांग की.

तुझा गुडघा कसा हाय? खरं सांग.

तुझीच,
महेश्वरी