काळी म्हणजे शून्य

तीर्थरूप दादास,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे उजवा खांदा. तो सध्या रजेवर आहे, कामावर रुजू झाला की राहिलेला नमस्कार वेगळा पाठवीन.) इकडे सगळे बरे आहेत. वहिनींची पाठ कशी आहे, नव्या इमारतीतली लिफ्ट चालू झाली का, तुझं कामातून डोकं वर निघतं का, सगळं कळव. नसणारच निघत. नाहीतर आई न्हाणीघरात पडते, खुब्याचं हाड मोडून घेते, शस्त्रक्रिया होऊन घरी येते आणि थोरल्या मुलाऐवजी त्याचं पार्सल येतं, असं कसं झालं असतं? तर पार्सल मिळालं. रबरी पट्ट्या पाच, रंग पाच, आणि तुझी चिठ्ठी: खांद्याला व्यायाम दे, नाहीच जमलं तर आईसाठी एक संस्था बघून ठेवली आहे, तिथे बागही आहे. दादा, तुझा उरक मानला पाहिजे. भावाच्या खांद्याची आणि आईच्या मुक्कामाची सोय तू एकाच खोक्यात केलीस. बागेचं तिला काय करायचंय ते मात्र तूच जाणे, कुंडीतली माती उकरली तरी तिला शिंका येतात.

खांदा का धरला हे तुला फोनवर सांगितलंच होतं, पण तेव्हा तू “हं, हं” म्हणत होतास, म्हणून पुन्हा लिहितो. आईला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि पुन्हा पलंगावर असं उचलून उचलून तो आखडला. हात छातीच्या वर जात नाही. शर्ट बायको घालून देते (आणि वर शेजारणीला सांगते). म्हणजे हिशेब सरळ होता. खांदा सुटला तर आई आपल्या घरात, नाही सुटला तर तुझ्या बागेत. मी पट्ट्या घेतल्या आणि दुकानात गेलो.

आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं ‘रेझिस्टन्स बँड’. मी काय धंदा करतो हे तू विसरला असशील, तर मी रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात रेझिस्टन्स म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग. त्याच्या अंगावर रंगीत पट्टे असतात आणि रंगावरून तो विजेला किती अडवतो ते कळतं. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा. हे मला गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी मी न अडखळता सांगेन. त्यामुळे खोक्यातली माहितीपत्रिका वाचायचा प्रश्नच आला नाही. (पत्रिका वाचून यंत्र उघडणं आमच्याकडे कमीपणाचं समजतात.) आजारी खांद्याला मी अर्थातच शून्याची, म्हणजे काळी पट्टी काढली. पिवळी हातात घेऊन बघितलीसुद्धा नाही, म्हटलं चार नंबर आहे, उगाच शिर धरायची.

व्यायाम सोपा होता, खोक्यावर चित्रच होतं. कोपर कुशीला चिकटवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा, दार उघडल्यासारखा. पट्टीचं एक टोक मांडणीच्या पायाला बांधलं, दुसरं मनगटाला गुंडाळलं आणि ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. पट्टी जागची हलेना. शून्यसुद्धा ओढवत नाही म्हणजे खांदा कामातून गेला, असा त्याचा अर्थ. आई त्या बागेत शिंकत बसलेली माझ्या डोळ्यांसमोर आली. मग मात्र मी इरेला पेटलो, खांद्याला बाजूला ठेवून सगळ्या अंगाचा भार टाकला, आणि पट्टीऐवजी मांडणी आली. मिक्सरची तीन भांडी, मुख्याध्यापक बाईंची इस्त्री आणि पेन्शनर काकांचा रेडिओ एकदम माझ्या भेटीला आले. (रेडिओ इतके दिवस मुका होता, तो पडल्या पडल्या बातम्या द्यायला लागला. काकांना मी अजून काय दुरुस्त केलं ते सांगितलेलं नाही.) आवाज ऐकून शेजारचा चष्मेवाला धावत आला. मी खाली बसलेलो, मनगटाला काळी पट्टी, पट्टीला मांडणी. तेव्हापासून हा गृहस्थ अख्ख्या गल्लीला माझी ओळख ‘रबरवाले’ म्हणून करून देतो आणि चष्म्याच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसतं का हे तपासायला माझ्याकडे बोट दाखवतो.

दुसऱ्या दिवशी आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझं तोंड बघून विचारलं, मी सगळं सांगितलं, शून्यापासून सहापर्यंत. त्या बिचाऱ्या हसल्या नाहीत. आईच हसली, इतकी की बाईंना तिला पाणी द्यावं लागलं. मग बाईंनी पट्ट्या पलंगावर ओळीनं मांडल्या आणि म्हणाल्या, “काळी यातली सगळ्यात कडक. ती पायांसाठी, आणि तीही धडधाकट माणसाच्या.” या खोक्यात पिवळी सगळ्यात नरम, मग लाल, हिरवी, निळी आणि शेवटी काळी. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळेही असू शकतात, म्हणून माहितीपत्रिका देतात, असं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. शिवाय एका माणसाला एकच पट्टी असंही नसतं म्हणे. हात बाहेर फिरवणारे स्नायू लहान, त्यांना पिवळी. तोच हात बसून छातीकडे ओढायचा असेल तर पाठ मदतीला येते, तेव्हा लाल चालते. आईला खुर्चीत बसून गुडघा सरळ करायला लाल, आणि पाय बळावले की हिरवी. शेवटच्या दोन-तीन वेळा ओढताना जड गेलं पाहिजे, पण खांदा कानाकडे चढायला लागला किंवा दम कोंडायला लागला की मुकाट्यानं नरम पट्टी घ्यायची. त्याच फोनवर ‘हं, हं’ संपल्यावर तू काय म्हणाला होतास ते आठवतं ना? पट्ट्या पाठवतो, सगळ्यात कडक घे, लवकर गुण येतो. तुझा सल्ला मी बाईंना सांगितला. तू हे कुठे शिकलास असं त्यांनी विचारलं आहे.

तेव्हापासून मी रोज पिवळी ओढतो (मनात मात्र चार नंबरच धरतो, माणसाला काही अब्रू आहे) आणि सांगायला आनंद वाटतो की गुण आहे. हात कानापर्यंत पोचला. आईला उचलताना तर आता काही वाटतच नाही. पूर्वी घाम फुटायचा, हल्ली काखेत हात घालतो न घालतो तोच ती अलगद वर येते. तेव्हा संस्थेला नाही म्हणून कळव. आई कुठेही जाणार नाही.

तुझा धाकटा

ता. क. पिवळी पट्टी अजून एक पाठव. आहे ती ताणून ताणून चिरत चालली आहे.

ता. क. दुसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझंही लिही आणि मी सांगते तसंच लिही. तर हे तिचं:

“अरे थोरल्या, हा दुकानात गेला की मी माझी उठते. खिडकीपर्यंत जाते, परत येते. सूनबाईला माहीत आहे. हा घरी आला की पडून राहते, कारण मला उचललं की त्याला बरं वाटतं. उठते मीच, फुशारकी हा मारतो. खांद्यावर ओझं नाही म्हणून तो सुटलाय. बागेची संस्था तू तुझ्यासाठी राखून ठेव. मला तुझ्याकडे यायचंय. नवं घर बघितलं नाही मी अजून. येऊन घेऊन जा.”

एक शब्द गाळलेला नाही. गाळावासा वाटला होता. हे लिहून झाल्यावर मी सवयीनं तिला खुर्चीत बसवायला गेलो, तर म्हणाली, “राहू दे, आता कळलंय ना तुला,” आणि माझ्यासमोर उठून स्वतःच खुर्चीत जाऊन बसली. मी दोन्ही हात पुढे करून तसाच उभा.

ये दादा, घेऊन जा. महिनाभर ठेव. पण परत आणून सोड. आता तिला उचलावं लागत नाही, तरी मला ती इथेच हवी आहे.