हेल्मेट काढलं की

दादा,

"हेल्मेट काढलं की पिक्चर संपतो, वेडाबाई," असं तू म्हणाला होतास. मी नऊ वर्षांची होते आणि पडद्यावर हेल्मेट घालून संगणकातल्या खोट्या जगात अडकलेल्या माणसासाठी रडत होते.

त्या पिक्चरची जुनी कॅसेट या आठवड्यात तीनदा लावली. आता हसू येतं. हिरव्या चौकटींची जमीन काय, बादलीएवढं हेल्मेट काय! तरी मध्येच उठते, उगाच पाणी पिते, पुन्हा पहिल्यापासून लावते.

परवा तू तुझं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवून, तू संगणकावर बनवलेली आई दाखवलीस. चष्मा, आवाज, सगळं हुबेहूब. ती तरातरा चालत माझ्याकडे आली आणि मी हेल्मेट भिरकावलं. "तुला मेलं कशाचं कौतुकच नाही," म्हणालास.

दादा, शेवटची दोन वर्षं आई चालत नव्हती. तू लांब होतास. तिला कुशीवर मी वळवत होते. तुझ्या त्या आईला हे ठाऊकच नाही.

वहिनी म्हणते, तू हल्ली जेवायलाही त्या आईजवळून उठत नाहीस. एकदा हेल्मेट काढून माझ्याकडे ये. आपल्या आईची खाट मी अजून हलवलेली नाही. पाच मिनिटं माझ्याशेजारी त्या खाटेवर बस. बसायला नाहीच म्हणशील, तरी ये.

तुझी,
वेडाबाई